पिग्मीवाल्यांचा हिशेब का चुकत होता : आयसीयूनंतरच्या एका वर्षाचं प्रकरण

रुग्ण ४७ वर्षांचे गृहस्थ. दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेचे पिग्मी एजंट, जोडीला घरची थोडी भातशेती. ऑगस्टमध्ये लावणीनंतरच्या दिवसांत ताप आला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कमी, खोकल्यातून रक्त. निदान लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार. घाट चढून त्यांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. तिथे २३ दिवस आयसीयू, त्यातले १७ दिवस व्हेंटिलेटर, दहाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी, सहा वेळा डायलिसिस. पुढे आठवडाभर वॉर्ड, मग घर. मी त्यांना पहिल्यांदा तपासलं ते घरी येऊन साडेतीन महिने झाल्यावर. हे लिहायला त्यांची आणि त्यांच्या पत्नीची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे ‘पिग्मीवाले’ म्हणतात, मीही इथे तसंच म्हणतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लेप्टोमध्ये फुप्फुसात रक्तस्राव झाला की माणूस हाती लागणं कठीण असतं. तिथल्या डॉक्टरांनी आणि नर्सेसनी त्यांना वाचवलं, आणि उत्तम वाचवलं. हे प्रकरण त्यानंतरचं आहे. त्यानंतरच्या काळात त्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डावर निदान, केलेल्या प्रक्रिया, औषधांची यादी आणि ‘एक आठवड्याने ओपीडीत दाखवणे’ एवढं होतं. आठवड्याने ते गेले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) उतरलं होतं, गळ्याचं छिद्र भरत आलं होतं. ‘आता काळजी नाही, हळूहळू ताकद येईल,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. वैद्यकीयदृष्ट्या यात खोटं काही नव्हतं.

आजारपणाआधी वजन ६८ किलो होतं, घरी आले तेव्हा ५४. चौदा किलो गेले, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा. लंडनच्या पुथुचेरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने ठरावीक दिवसांनी मोजला होता. दहाव्या दिवसापर्यंत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १८ टक्क्यांनी आटलं होतं. मी हा आकडा सांगितला तेव्हा पिग्मीवाल्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे माझो आळस नाय हो.” त्या घरात तोवर याला आळस म्हणायला सुरुवात झाली होती.

खाणं हा दुसरा घोटाळा. कोकणात आजारी माणसाला पेज देतात. पचायला हलकी, मायेची, आणि तापाच्या चार दिवसांत अगदी योग्य. पण इथे ती साडेतीन महिने चालू होती. कारण कार्डावर ‘किडनी डाएट, प्रथिने कमी’ असं लिहिलेलं होतं. डायलिसिस थांबलं, मूत्रपिंड सुधारलं, तरी ती ओळ कोणी खोडली नाही. बायकोने ती देवाच्या आज्ञेसारखी पाळली. मासे बंद, अंडी बंद, कुळथाची पिठीसुद्धा बंद. आटलेला स्नायू भरून काढायला ज्या गोष्टी हव्या होत्या, नेमक्या त्याच त्यांच्या ताटातून गेल्या होत्या.

औषधांचंही तसंच. आयसीयूत भ्रम झाला होता म्हणून क्वेटियापिन सुरू केलं होतं, ते रोज रात्री चालूच होतं. पोटात अल्सर होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल, तेही चालू. मधल्या काळात धाप लागते म्हणून कोणीतरी दम्याचा पंप दिला होता. यातलं प्रत्येक औषध ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी त्याला कारण असेल. थांबवायचं कधी, हे मात्र कोणाच्याच कागदावर नव्हतं.

ते माझ्याकडे का आले

ताकद नाही म्हणून ते आले नव्हते. पतसंस्थेचा रोजचा हिशेब जुळत नव्हता म्हणून आले होते.

पिग्मीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एजंट रोज बाजारात फिरतो. चहावाला, न्हावी, भाजीवाली, मेडिकल, गॅरेज. कोणी ५० रुपये, कोणी १००, कोणी ५०० देतो. हातातल्या छोट्या यंत्रावर खाते उघडायचं, रक्कम टाकायची, पावती काढून द्यायची, पुढे जायचं. संध्याकाळी संस्थेत रोकड आणि यंत्राचा आकडा जुळवायचा. पगार नाही, कमिशन. आजारपणाची रजा नाही. आणि सगळं उभं असतं विश्वासावर, कारण लोक आपली रोजची कमाई एका माणसाच्या हातात देत असतात.

आमचे गृहस्थ बावीस वर्षं हे करत होते. शंभराच्या आसपास खाती, बहुतेकांचे खाते क्रमांक तोंडपाठ. घरी आल्यावर पावणेतीन महिन्यांनी त्यांनी काम सुरू केलं, कारण घरात पैसा येणं थांबलं होतं. तिसऱ्या आठवड्यात संस्थेच्या सचिवांनी बोलावून घेतलं. कधी २०० कमी, कधी ४००. एका दुकानदाराने सांगितलं की काल पैसे दिले पण पावतीवर दुसऱ्याचंच नाव आलं. सचिव भला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. पण ‘आजारपणात कर्ज झालंय का?’ असं विचारलं. त्या प्रश्नाचा अर्थ पिग्मीवाल्यांना कळला. ते घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, “हे पयल्यासारखे नाय रवले, डॉक्टर.”

मी संस्थेतून, त्यांच्या परवानगीने, त्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळच्या ताळेबंदाच्या पट्ट्या मागवल्या. सचिवांनी लगेच दिल्या. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, रोकड काही दिवस कमी होती तशी काही दिवस जास्तही होती. पैसे खाणाऱ्या माणसाच्या थैलीत जास्तीचे पैसे सापडत नाहीत. दुसरी, यंत्रात प्रत्येक पावतीची वेळ असते, आणि चुका जवळजवळ सगळ्या साडेअकरानंतरच्या होत्या. सकाळच्या पहिल्या दीड तासात हिशेब स्वच्छ. हे थकलेल्या मेंदूचं काम होतं.

सचिवांना मी तेवढंच कळवलं : ही आजाराची खूण आहे, तपासणी चालू आहे, दीड महिना द्या. त्यांनी दिला. या प्रकरणात सगळ्यात मोलाचा उपचार कोणता, असं कोणी विचारलं तर मी हा दीड महिना सांगेन.

तपासणी

इथे थोडा कोरडा तपशील येईल, पण तो यायला हवा, कारण असा रुग्ण समोर आला तर काय तपासायचं हे तालुक्याच्या कोणत्याही डॉक्टरला जमण्यासारखं आहे. यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही.

सहा मिनिटांत सपाट जागेवर किती चालतात ते मोजलं : ३१० मीटर. त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाने पाचशेच्या वर जायला हवं. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात सात वेळा उठले. उजवा खांदा वर जात नव्हता, गोठलेला. डावी चप्पल चालताना पायातून निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडालगत एक नस जाते. मांस आटलेलं असताना पाय तासनतास एका बाजूला पडून राहिला की ती दाबली जाते आणि पाऊल उचलण्याची ताकद जाते. तेच झालं होतं. हिमोग्लोबिन १०.१. क्रिएटिनिन १.१, लघवीत प्रथिन नाही. म्हणजे मूत्रपिंडाने साथ दिली होती. डायलिसिसपर्यंत गेलेल्या प्रत्येकाची ही तपासणी तीन महिन्यांनी व्हायलाच हवी, ती तोवर झाली नव्हती.

धाप हा वेगळा विषय. जो माणूस व्हेंटिलेटरच्या नळीवर आणि ट्रॅकिओस्टॉमीवर राहिला आहे, त्याला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी धाप लागू लागली, श्वास आत घेताना आवाज येऊ लागला आणि पंपाने फरक पडत नसेल, तर त्याला दमा समजून थांबू नये. श्वासनलिका व्रण भरताना आतून आकसलेली असू शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं. मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीसाठी पाठवलं. नलिका मोकळी निघाली. धाप होती ती कमजोरीची आणि कमी रक्ताची. पंप बंद केला.

मग डोक्याची चाचणी. मोका नावाची दहा-पंधरा मिनिटांची चाचणी मराठीतही आहे. घड्याळ काढणं, शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं. तिच्यात ३० पैकी २६ आणि वर सामान्य धरतात. त्यांना २० मिळाले. गेले ते गुण लक्ष टिकवणं, उलट वजाबाकी आणि थोड्या वेळाने शब्द आठवणं यातले. वजाबाकी चुकल्यावर ते रडले. “डोक्यात काय रवणाच नाय,” म्हणाले. बाजारभर लोक ज्यांच्या तोंडी हिशेबावर विसंबून होते, त्या माणसाला हे बोलायला किती कष्ट पडले असतील.

अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी आयसीयूतल्या ८२१ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांना आयसीयूत भ्रम झाला होता. तीन महिन्यांनी दर दहांतल्या चौघांची आकलनशक्ती मेंदूला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी उतरलेली होती, आणि वर्षानेही तीनांतल्या एकाची तशीच. यात तरुणही होते. भ्रम जितका लांबला तितका हा परिणाम जास्त. पिग्मीवाल्यांच्या डोक्याला मार लागला नव्हता, त्यांचा सीटी स्कॅनही स्वच्छ होता. म्हणून घरात कोणालाही वाटलं नाही की डोक्याला काही झालं आहे.

बोट

सातांच्या वजाबाकीनंतर मी त्यांना विचारलं, आयसीयूतलं काय आठवतं? ते बराच वेळ गप्प होते. पत्नीला बाहेर बसायला सांगितलं. मग बोलले.

त्यांना आयसीयू आठवतच नव्हता. आठवत होता तो एक ट्रॉलर. आपल्याला पळवून नेऊन ट्रॉलरच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आहे, खलाशी परदेशी आहेत, भाषा कळत नाही, बोट हलते आहे, हात दोराने बांधलेले आहेत आणि घशात काहीतरी कोंबलं आहे. “माका बांधून घातल्यानी,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हे त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर वेडा ठरवतील अशी भीती. रात्री तेच स्वप्न. झोपायचं टाळत. म्हणून दिवसा थकवा, म्हणून साडेअकरानंतर डोकं बंद.

आणि मग ती गोष्ट कळली जी कोणत्याही चाचणीत निघाली नसती. पिग्मीचं यंत्र प्रत्येक पावतीला ‘टुंई’ वाजतं. ट्रॉलरवरही तसंच काही तरी सतत वाजत होतं. तो आवाज झाला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, हाताला घाम. म्हणून ते रक्कम घाईघाईत दाबायचे, पडद्याकडे न पाहता यंत्र खिशात सारायचे. दुसऱ्याच्या नावाची पावती अशी गेली होती. मी त्यांना विचारलं, हा आवाज कुठला असेल? त्यांना अंदाज नव्हता. मॉनिटरचा, हे नंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं. काचेबाहेर उभं राहून तिने तो आवाज आठवडेच्या आठवडे ऐकला होता.

आयसीयूतून वाचलेल्या लोकांत अशा भ्रमातल्या आठवणी फार सापडतात, आणि त्या खऱ्या आठवणींपेक्षा ठळक असतात. त्यामुळे ‘तुमचा भास होता, विसरा’ असं म्हणून भागत नाही. माणसाकडे त्या दिवसांची दुसरी कोणतीच हकीकत नसते. युरोपात काही आयसीयूंमध्ये नर्स आणि नातेवाईक मिळून रुग्णासाठी रोजनिशी लिहितात : आज काय झालं, कोण भेटून गेलं, हात का बांधावे लागले. क्रिस्टिना जोन्स यांच्या २०१० च्या अभ्यासात सहा देशांतले ३५२ रुग्ण होते. रोजनिशी मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना आघातानंतरचा मानसिक विकार नव्याने झाला, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. नंतर २०१९ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. तेव्हा हा रामबाण उपाय नव्हे. तरी या माणसासाठी त्याचा उपयोग होईल असं मला वाटलं, कारण त्यांना आवाज कुठला हेच ठाऊक नव्हतं.

रोजनिशी कोणी लिहिली नव्हती. पण कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. पुतण्या रोज सकाळ-संध्याकाळ रुग्णालयातून मेसेज टाकायचा. ‘काकांची रात्र बरी गेली.’ ‘नळी ओढतात म्हणून हात बांधलेत, सिस्टर म्हणाल्या थोडा वेळच.’ ‘हवेची गादी लावली, पाठीला जखम होऊ नये म्हणून.’ ‘आज काकांनी डोळे उघडले, आत्याचा हात दाबला.’ पुतण्याने हे सगळे मेसेज तारखेनुसार एका वहीत उतरवले. रुग्णालयाला मी पत्र लिहिलं, त्यांनी विनातक्रार उपचारांचा दिवसवार गोषवारा पाठवला. दोन्ही शेजारी ठेवून पिग्मीवाले, त्यांची पत्नी आणि मी संध्याकाळच्या ओपीडीनंतर बसलो. हवा भरणारी-सोडणारी गादी, म्हणून बोट हलत होती. सिस्टर केरळच्या होत्या, आपसात मल्याळम बोलत, म्हणून परदेशी खलाशी. दोर, नळी, ‘टुंई’, सगळ्याला जागा सापडली. ‘आत्याचा हात दाबला’ ही ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. ती त्यांना आठवत नव्हती, पण ती घडली होती.

उपचार

औषधं आधी कमी केली. क्वेटियापिन टप्प्याटप्प्याने तीन आठवड्यांत बंद, पॅन्टोप्राझोल बंद. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी उदासी आणि भीतीसाठी एक गोळी कमी मात्रेत सुरू केली आणि समुपदेशनाच्या भेटी ठरवल्या. तिथे जाणं होत नसे तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकाचा त्यांना आधार झाला. रात्री भीती दाटली की ते फोन करत.

ताटात मासे परत आले. दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत असा हिशेब धरला. बांगडा, दोन अंडी, कुळथाची पिठी, दूध, डाळ. गावात मिळणाऱ्या गोष्टींतच ते बसतं, डबाबंद पावडर लागली नाही. पायाला हलकी पट्टी, खांद्याला आणि मांडीला व्यायाम. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाच तालुक्याला येतात, म्हणून व्यायाम पुतण्याच्या फोनवर चित्रित करून दिले.

कामाचं मात्र वेगळं नियोजन केलं. पहिले सहा आठवडे फक्त सकाळचा दीड तास, बाजारपेठेची एकच बाजू. दर दहा पावत्यांनंतर कोणाच्याही दुकानात बसून रोकड मोजायची आणि वहीत लिहायची. रक्कम दाबण्याआधी खातेदाराचं नाव मोठ्याने वाचायचं. यंत्राच्या स्पीकरवर आधी चिकटपट्टी लावली, मग भीती उतरली तशी दर आठवड्याला थोडी सोडवली. उरलेली खाती त्या काळात पुतण्याने संस्थेच्या संमतीने सांभाळली. दुकानदारांना आम्ही काही लपवलं नाही. मोठ्या आजाराने डोकं काही महिने थकतं, एवढं त्यांना सांगितलं. न्हाव्याने तर स्वतःच खुर्ची आणि पंखा राखून ठेवला.

पत्नी

पहिल्या दिवशी तपासणीत मी तिलाही विचारलं, तुम्ही झोपता का? ती हसली आणि डोळ्याला पदर लावला. रात्रभर ती त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे का बघत असे. काजूच्या कारखान्यातलं काम तिने सोडलं होतं. उपचारांचा मोठा भाग सरकारी योजनेतून भागला, पण शहरात राहणं, जाणं-येणं आणि बुडालेली कमाई यासाठी तिने बांगड्या गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सचिवांच्या ‘कर्ज झालंय का?’ या प्रश्नावर ते ‘नाही’ म्हणाले होते, आणि मग घरी कपाटात त्यांना ती पावती सापडली होती. दोन दिवस न जेवण्यामागे हेही होतं.

अमेरिकेच्या क्रिटिकल केअरवाल्यांच्या संघटनेने २०१० च्या बैठकीत आयसीयूनंतरच्या शरीर, बुद्धी आणि मन या तिन्ही त्रासांना मिळून ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ हे एक नाव दिलं, त्याच वेळी कुटुंबीयांच्या त्रासालाही त्यात वेगळी जागा दिली. माझ्या मते ती जागा योग्य आहे. तिच्यासाठी वेगळा केसपेपर काढला, वेगळी वेळ दिली. तिचा रक्तदाब १६०/९८ होता, आणि तिला कोणी तपासलंच नव्हतं. नणंदेने रात्रीची पाळी वाटून घेतल्यावर तिला पहिली सलग झोप मिळाली.

हे कोणी करायचं

इंग्लंडमध्ये रीडिंगच्या रॉयल बर्कशायर रुग्णालयात १९९३ पासून आयसीयूतून घरी गेलेल्यांसाठी वेगळी ओपीडी चालते. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००९ मध्ये सांगितलं की दोन ते तीन महिन्यांनी अशा रुग्णाची पुन्हा सर्वांगीण तपासणी व्हावी. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या तीन रुग्णालयांतल्या २८६ रुग्णांचा अभ्यासही आला. त्यात नर्सने चालवलेल्या अशा ओपीडीमुळे वर्षअखेर रुग्णांच्या जीवनमानात फरक पडलेला दिसला नाही. या निष्कर्षाकडे डोळेझाक करणं मला पटत नाही. दोन-तीनदा बोलावून ‘कसे आहात’ विचारलं म्हणून आटलेला स्नायू भरत नाही. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत पुढे जो उपक्रम सुरू झाला तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. रुग्ण आणि कुटुंबीय पाच आठवडे एकत्र येतात. फिजिओथेरपिस्ट, औषधतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि पैशांबाबत सल्ला देणारे एकाच जागी भेटतात, आणि पूर्वी यातून गेलेली माणसंही तिथे असतात.

आपल्याकडे महात्मा फुले योजनेत डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधं १० दिवसांपर्यंत धरलेली आहेत. जखमेसाठी, टाक्यांसाठी ते पुरतं. पिग्मीवाल्यांचे त्रास दिसू लागले दुसऱ्या महिन्यात. केस मूठमूठ गळू लागले तेही तिसऱ्या महिन्यात, आणि घरात पुन्हा घबराट झाली. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि परत येतात, हे एका वाक्यात आधी सांगता आलं असतं.

म्हणून माझा आग्रह डिस्चार्ज कार्डासाठी आहे. ज्या रुग्णाने व्हेंटिलेटरवर दोन दिवसांपेक्षा जास्त काढले, त्याच्या कार्डावर हे मराठीत हवं : कोणतं औषध कोणत्या तारखेला थांबवायचं, पथ्य कधी उठवायचं, भ्रम झाला होता की नाही आणि किती दिवस, दोन-तीन महिन्यांनी चालणं, स्मरण, मनःस्थिती आणि मूत्रपिंड कोणाकडे तपासायचं, आणि श्वासाला आवाज आला तर कुठे धावायचं. खाली एक चालू असणारा फोन नंबर. यासाठी नवी इमारत लागत नाही. तालुक्याचा डॉक्टर बाकीचं करू शकतो, पण त्याला आत काय घडलं ते कळायला हवं.

एक वर्षानंतर

टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी २००३ मध्ये फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्या १०९ रुग्णांचा एक वर्षाचा प्रवास छापला. वर्षअखेर सहा मिनिटांचं चालणं अपेक्षेच्या ६६ टक्के होतं, मीटरमध्ये ४२२, आणि कामावर परतले होते निम्मेच. फुप्फुसं तोवर बरीच सुधारली होती. मागे राहिले होते ते स्नायू. पिग्मीवाले वर्षाने ४६० मीटर चालले. वजन ६३. डावं पाऊल उचललं जातं, पट्टी सुटली. खांदा अजून पूर्ण वर जात नाही. मोका २५.

ते आता पूर्ण बाजार फिरतात, पण दोन हप्त्यांत, मधे दुपारची झोप. दहा पावत्यांची वही चालू आहे आणि ती बंद करायची त्यांची इच्छा नाही. गेल्या तीन महिन्यांत संध्याकाळचा हिशेब दोनदा चुकला, दोन्ही वेळा दहाच्या नोटेने. खाते क्रमांक तोंडपाठ नाहीत, ते परत येतील असं मला वाटत नाही, तसं मी त्यांना सांगितलं आहे. ट्रॉलरचं स्वप्न महिन्या-दोन महिन्यांनी पडतं. मानसोपचाराची गोळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने आता उतरवत आणली आहे. सोनेतारण कर्ज निम्मं फेडायचं शिल्लक आहे. पत्नी काजूच्या कारखान्यात परत गेली, तिचा रक्तदाब गोळीवर १३० च्या आसपास असतो. यंदा लावणीला पिग्मीवाल्यांनी गमबूट घातले, आणि आरोग्य खात्याकडून शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या स्वतः घेतल्या आणि वाडीतल्या सगळ्यांना घ्यायला लावल्या. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे : क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब, सहा मिनिटांचं चालणं आणि पुन्हा एकदा सातांची वजाबाकी.